जुनी गाडी घेताय? आधी सीटखाली पाहा



या सदरात मी आजवर धान, लाखोळी, परसातली भाजी आणि जनावरांचा चारा यापलीकडे फारसा गेलो नाही. पण गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे खोडकिड्यापेक्षा गाड्यांचे प्रश्न जास्त आले. केंद्रावर धान मोजून झाले, चुकारे खात्यावर पडले, लग्नसराई तोंडावर आली, की गावोगाव एकच बोलणे सुरू होते : एखादी जुनी बोलेरो, नाहीतर स्कॉर्पिओ मिळते का पाहू. नवी घेण्याची ऐपत नाही, मोटारसायकलवर घरातली माणसे मावत नाहीत, आणि म्हातारी माणसे एस.टी.च्या पायऱ्या चढू शकत नाहीत. गरज खोटी नाही. म्हणून आज खतपाण्याला एक आठवडा सुट्टी.

सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावचे दोघे भाऊ माझ्या जुन्या ओळखीचे. नऊ एकर धानाची जमीन. थोरला शेती पाहतो, धाकटा राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. घरात लहानमोठी नऊ माणसे. आईला महिन्यातून दोनदा नागपूरला डॉक्टरकडे न्यावे लागते. गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर, स्वस्त आणि सुखाचे. मी स्वतः तसाच जातो. पण म्हातारीला गुडघ्यामुळे स्टेशनचा जिना चढवत नाही, आणि प्रत्येक खेपेला भाड्याची गाडी करायची तर घरचा मेळ बसत नाही.

थोरला एक दिवस कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, रायपूरकडे एक गाडी पाहून ठेवली हाय. पाच लाख म्हणते तो. तुमी पाहाले याल का? बैल तुमाले समजते, गाडी बी समजत असन."

मी त्याला आधी खुर्चीवर बसवले आणि कागदावर हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. एकरी १६ क्विंटल धरले तर नऊ एकरांचे १४४ क्विंटल, म्हणजे ३ लाख ४१ हजार. त्यातून बियाणे, खत, रोवणीची मजुरी, चुरण्याचा खर्च अजून वजा व्हायचाच आहे. पाच लाखांची गाडी म्हणजे २११ क्विंटल धान. घरच्या जमिनीचे अख्खे एक पीक आणि दुसऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग एका लोखंडी डब्यात घालायचा. गाडी घेऊ नका असे मी म्हटले नाही. फक्त किती पोती गाडीत भरतो आहोत ते दिसावे, एवढाच हेतू.

दुसरा हिशेब डिझेलचा. त्यांच्या गावाहून नागपूर जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वर्षाच्या २४ खेपा म्हणजे ६,००० किलोमीटर. अशी जड गाडी लिटरला १२ किलोमीटर देईल असे धरू. ५०० लिटर लागले. लिटरला ९० रुपये धरले तर ४५ हजार, म्हणजे आणखी १९ क्विंटल, आणि तेही दरवर्षी. विमा, टायर, ऑइल वेगळे. जुनी गाडी घेताना किमतीच्या दहावा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. ज्याच्याकडे पाच लाख आहेत त्याने साडेचारची गाडी पाहावी.

पैसे कुठून आणणार, हे विचारल्यावर थोरला खाली पाहू लागला. साडेतीन लाख साठवलेले होते, आणि दीड लाख येत्या खरिपाच्या पीककर्जातून काढण्याचा विचार होता. हे मात्र मी स्पष्ट मोडून काढले. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे आपल्याला व्याज पडत नाही. तारीख चुकली की सवलत गेली, आणि पुढच्या हंगामात नवे कर्ज मिळायला अडचण. गाडी काही मार्चमध्ये धान देत नाही. धाकट्याच्या पगारावर बँकेकडून गाडीसाठीच लहानसे कर्ज घ्या, व्याज जास्त पडले तरी चालेल, पण रोवणीचे पैसे चाकाखाली घालू नका, असे सांगितले. घरी जाऊन बोलतो म्हणाला. नंतर कळले की घरात वहिनीने हेच आधी सांगितले होते.

आता गाडी कोणती घ्यावी याबद्दल. आपल्याकडे 'जीप' हा शब्द अजून सगळ्याच उंच गाड्यांना वापरतात, आणि त्याला कारण आहे. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप इथे जुळवायला घेतली. पुढे पंचायत समितीची जीप गावात आली की पोरे मागे धावत. १९९४ साली टाटांची सुमो आली. ते नाव टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ आली. मधल्या काळात क्वालिस, टवेरा, इनोव्हा, एक्सयूव्ही ५००, डस्टर, अर्टिगा असा पुष्कळ मेळा जमला. यातल्या काही आता बाजारात नव्याने मिळत नाहीत. टवेराच्या कंपनीने भारतातली विक्री २०१७ साली थांबवली, सुमो २०१९ साली बंद झाली. बंद झालेली गाडी स्वस्त मिळते. पण दोन वर्षांनी आरसा फुटला तर नागपूरच्या भंगार बाजारात हिंडावे लागते.

माझे मत विचाराल तर, तुमच्या तालुक्याच्या ठिकाणचा मेस्त्री जी गाडी डोळे मिटून उघडतो ती घ्यावी. कोहमाऱ्याच्या नाक्यावर ज्याचा सुटा भाग मिळतो ती गाडी चांगली. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ यांची बांधणी लोखंडी सांगाड्यावर आहे; बैलगाडीच्या साट्याप्रमाणे खाली चेसिस आणि वर डबा. धक्के देतात, पण बांधावरून आणि मुरुमाच्या रस्त्यावरून वर्षानुवर्षे निभतात. डस्टर, एक्सयूव्ही, अर्टिगा यांचा सांगाडा आणि डबा एकच असतो. बसायला सुख जास्त, पण मोठा अपघात झालेला असेल तर मूळ आकार पुन्हा येणे कठीण. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची जाळी असते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणारी गाडी असेल तर ती जाळी काजळीने तुंबते आणि साफसफाईचा खर्च अंगावर येतो. गावातल्या गावात फिरवणाऱ्याने याचा विचार करावा.

तर एका रविवारी आम्ही देवरी ओलांडून महामार्ग ५३ ने निघालो. दोघे भाऊ, वहिनी, मी, आणि कोहमाऱ्याचा एक मेस्त्री. मेस्त्रीला पाचशे रुपये आणि जेवण कबूल केले होते. पाच लाखांच्या सौद्यात हा खर्च कुणीही टाळू नये.

गाडी पांढरी स्वच्छ, टायर काळेकुळकुळीत, आत सुगंध. थोरल्याचा चेहरा खुलला. मी म्हटले, जरा थांबा. बाजारात बैल घेताना आपण काय करतो? शिंगांना लावलेला रंग पाहतो का? दात पाहतो, खांदा चाचपतो, दहा पावले चालवून पाहतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरतो. इथेही तेच.

मेस्त्रीने आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. गाडी नेहमी थंड असताना चालू करून पाहावी, कारण आजारी डिझेल इंजिन सकाळीच कण्हते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. काळा धूर हवा किंवा पंप-इंजेक्टरचा दोष दाखवतो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण नुसते वर ठेवावे. ते थडथड उडू लागले आणि भकाभका वाफ आली तर इंजिनाचे पोट गेले समजावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम गाडीत कधी उघडू नये. थंड असताना उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहावे.

टायर नवे दिसत होते. टायरच्या कडेला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इथे चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले, वर काळे पॉलिश. मीटर ६८ हजार किलोमीटर दाखवत होते, पण क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून लोखंड दिसत होते. मीटर मागे फिरवता येते, पायाखालचे रबर फिरवता येत नाही. सर्व्हिसची वही मागितली तर व्यापारी म्हणाला, हरवली.

तरी थोरला घेण्याच्या बेतात होता. पाच लाखांवरून साडेचारपर्यंत उतरलेला भाव त्याच्या कानात घुमत होता.

तोवर वहिनी मागच्या सीटवर बसली होती. तिने बसल्या बसल्या सीटचा पट्टा ओढला. आपण ओढतो तसा अर्धा नाही, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट डागांची एक सरळ रेघ होती. तिने ती बोटाने खरवडली, नखात बारीक माती आली. मग तिने पायाखालचा गालिचा उचलला आणि सीटच्या रुळावरून हात फिरवला. गंज सोलून हातात आला.

"साहेब," ती म्हणाली, "हा पुराचा गाळ हाय. बांधीत पानी उतरल्यावर धानाच्या पानावर असाच बसते. किती बी धुवा, बुडाशी राह्यते."

व्यापाऱ्याने काहीबाही सांगायला सुरुवात केली. मेस्त्रीने डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड टॉर्चने पाहिले. हिरवी बुरशी धरलेली होती. गाडी कुठल्या पुरातली ते आम्हाला कळले नाही, विचारण्यातही अर्थ नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते, २०२० च्या ऑगस्टअखेरीस आपल्याच वैनगंगेने किती गावे बुडवली ते तुम्ही पाहिले आहे. असे पाणी इंजिनात आणि वायरींत शिरलेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या राज्यात विकतात. ती पहिले सहा महिने चालते. मग एखाद्या रात्री आईला घेऊन जाताना रस्त्यात सगळे दिवे एकदम जातात.

आम्ही परत निघालो. देवरीपर्यंत थोरला बोलला नाही.

परराज्यातल्या गाडीबद्दल आणखी एक सांगायचे. रायपूर किंवा बालाघाटची गाडी लाखभर स्वस्त दिसते, पण ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला वाहनकर. हे सगळे धरून भाव पाहिला की स्वस्ताई पुष्कळशी विरघळते. दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांचेही तसेच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या मातीमोल भावात बाहेर पडू लागल्या. वाईटच असतील असे नाही. पण त्यांचे कागद पाहायला माणूस आपल्या माहितीचा हवा.

कागदांचा विषय निघाला म्हणून माझीच एक फजिती सांगतो. ती सांगायला मला आजही लाज वाटते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी माझी जुनी जीपगाडी एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे रोख मिळाले. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि तो म्हणाला, "सर, आठ दिवसांत नावावर करून घेतो." मी विश्वासाने गप्प राहिलो. त्याने ती तिसऱ्याला विकली, तिसऱ्याने चौथ्याला. विमा कुणीच भरला नाही. दीड वर्षाने मला न्यायाधिकरणाची नोटीस आली. त्या गाडीखाली सायकलवरचा एक शेतमजूर गेला होता, त्याची बायको आणि दोन मुले भरपाई मागत होती, आणि सरकारी नोंदीत मालक मीच. माझ्या मुलीच्या कॉलेजचे ते पहिले वर्ष. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली आणि मी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून माझा वाटा भरला. रागाने सांगत नाही. त्या बाईला कुणीतरी देणे भागच होते, आणि कागद माझ्या आळसाने माझ्या नावावर राहिला होता.

पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठरवले. गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंदीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईला तोच जबाबदार. म्हणून विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी विकायला ठेवली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी फॉर्म २९-सी आहे. तो भरून पोच घ्यावी, म्हणजे मधल्या काळात आपल्या डोक्यावर भार राहत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र सख्ख्या भावालाही देऊ नये.

महिनाभराने दोघे भाऊ पुन्हा आले. गोंदियातच एका निवृत्त शिक्षकांची बोलेरो होती, एमएच ३५, एकाच मालकाची, भाव ४ लाख ४० हजार. चेहऱ्याला जुनी, डाव्या दारावर ओरखडा. पण सर्व्हिसची वही पहिल्या दिवसापासूनची, आणि गुरुजींनी डिझेल भरल्याच्या तारखा शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेल्या. सकाळी सहाला थंड इंजिन एका झटक्यात चालू झाले. वहिनीने पट्टे ओढून पाहिले, गालिचे उचलले. उंदराने कुरतडलेली एक वायर सापडली. धान साठवलेल्या घरात उभ्या राहणाऱ्या गाडीला हे व्हायचेच.

अडचण निघाली ती कागदात. सरकारच्या 'वाहन' नोंदीत मोबाईलवर नंबर टाकून पाहिला तर बँकेचा बोजा अजून चढलेला. गुरुजी म्हणाले, कर्ज तर चार वर्षांपूर्वीच फेडले. खरे होते. त्यांनी बँकेचा दाखला घेतला होता, पण फॉर्म ३५ भरून परिवहन कार्यालयातून बोजा उतरवलाच नव्हता. आपल्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा राहून जातो, तसेच. बोजा असताना नाव बदलत नाही. धाकटा म्हणाला, पैसे देऊन गाडी नेऊ, कागद होत राहतील. मी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याला माझी गोष्ट आठवली असावी.

मग दहा हजार बयाणा दिला. साध्या कागदावर लिहून घेतले की बोजा उतरल्यावर आणि नाव बदलण्याचा अर्ज दाखल होतानाच बाकी रक्कम बँकेतून द्यायची, गाडी तोवर गुरुजींच्या दारात. याच काळात बाकीच्या गोष्टी पाहून घेतल्या : दंडाची चलने थकलेली आहेत का, नोंदणीची पंधरा वर्षे कधी संपतात, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का, चेसिसवर कोरलेला क्रमांक पुस्तकाशी जुळतो का. हा क्रमांक कागदावर पेन्सिलने घासून उतरवून घ्यावा, म्हणजे खाडाखोड दिसते. सगळे व्हायला पंचवीस दिवस गेले. या पंचवीस दिवसांत आईला दोनदा भाड्याच्या गाडीने न्यावे लागले आणि थोरल्याने मला दोनदा फोनवर ऐकवलेही.

विम्याचेही त्याच दिवशी करावे. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाला दावा न केल्याबद्दल मिळालेली सूट आपल्याला मिळत नाही. ती माणसाची असते, गाडीची नव्हे. त्यामुळे हप्ता थोडा वाढला तर विकणाऱ्याने फसवले असे समजू नये.

गाडी आता त्यांच्या अंगणात, जिथे पूर्वी पुंजणे रचत त्या जागेशेजारी उभी असते. आई पुढच्या सीटवर बसून नागपूरला जाते. चढायला उंच पडते म्हणून धाकट्याने सागाची एक फळी करून घेतली आहे.

परवा थोरल्याचा पुन्हा फोन आला. लग्नाचा हंगाम आहे, गावातले लोक वऱ्हाडासाठी गाडी मागतात, खेपेला तीन हजार द्यायला तयार आहेत, दिली तर चालेल का? मी सांगितले, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. पकडली तर दंड आहे, आणि अपघात झाला तर भाड्याने वापरली या कारणावरून विमा कंपनी हात वर करू शकते. शेजाऱ्याच्या पोरीला वेळेवर दवाखान्यात नेले तर त्यात भाडे नाही, ते खुशाल करावे.

पलीकडून वहिनीचा आवाज आला, "मी सांगतलं होतं ना!" त्याच्या आधीच तिने दोघांना नकार देऊन परत पाठवले होते.